पूजेतलं कार्ड

"मालक, पूजा हलवता येणार नाही," हौसाबाईंनी झाडू भिंतीला टेकवत गंभीरपणे सांगितलं.

हॉटेलचे मालक आपल्याच खोलीबाहेर टॉवेलवर उभे होते. सकाळपासून दाराशी पडलेला पेपर उचलायला बाहेर वाकले आणि मागे दार आपोआप बंद झालं. त्यांचं कार्ड आतच राहिलं. सगळ्या खोल्या उघडणारं मास्टर कार्ड आणि नवी कार्डं बनवायचं यंत्र खंडेनवमीच्या पूजेत, हळदीकुंकवाने माखलेलं. उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा मालकांचाच हुकूम. गेल्या वर्षी या हुकमापायी एकही खोली झाडता आली नव्हती आणि बोलणी मात्र हौसाबाईंनी खाल्ली होती.

जिन्यात हसण्याचा आवाज झाला. सहलीला आलेलं महिला मंडळ जेवून वर येत होतं.

"अहो, देवी क्षमा करील! आणा ते कार्ड!"

"सकाळी तर म्हणालात, देवी कोपेल."

"चुकलो, बाई!" मालकांनी टॉवेल घट्ट धरला.

एवढं ऐकल्यावर हौसाबाईंनी कमरेची चंची सोडली आणि आतलं कार्ड दाराला लावलं. मालक आत घुसले, मग फटीतून डोळे वटारून म्हणाले, "पूजेतलं उचललंत?"

"छे! मास्टर सकाळपासून माझ्याच कमरेला आहे. फुलांखाली माझं एसटीच्या सवलतीचं कार्ड ठेवलंय."

"म्हणजे मी साष्टांग नमस्कार घातला तो..."

"त्यालाच की! उद्या गावी जाताना खिडकीची जागा पक्की."