मनगटाच्या पेशी

नांदेडच्या प्रयोगशाळेत जयानं सूक्ष्मदर्शकाशेजारी पालथ्या पेल्यावर रिकामा तांब्या ठेवला, तशा सालेहा मॅडम हसल्या. "लातूरची सवय काही जात न्हाई तुझी." भूकंपानंतर तिकडं घरोघरी असे तांबे ठेवत. जमीन हलली की तांब्या पडायचा आणि माणसं अंगणात धावायची.

सूक्ष्मदर्शकाखालच्या बशीत जयाच्या आईच्या पेशी होत्या, मनगटाच्या चिमूटभर कातडीतून वाढवलेल्या. आत बायोसेन्सर होता. नुसता दाब पडला तरी पेशी हिरव्या उजळायच्या.

भरदुपारी त्या उजळल्या. बशीला कुणी हात लावला नव्हता. तांब्याही जागचा हलला नव्हता.

मॅडमनी पडद्यावर चित्र मोठं केलं आणि त्यांचं हसू मावळलं. चार हिरवे ठिपके शेजारी शेजारी होते, पाचवा समोरून. लहान मुलानं मुठीत धरल्यावर बोटं उमटावीत तसे.

जया पडद्याजवळ सरकली. तिच्या जन्माआधी, भूकंपात, आईला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं, तेव्हा मेलेल्या लहानग्या माउलीची बोटं आईच्या मनगटावरून एकेक करून सोडवावी लागली होती. माउली जयाचा थोरला भाऊ.

तेवढ्यात आईचा फोन आला. लातुरात ती क्लासच्या पोरांची मेस चालवायची.

"जया, पोरं सगळी क्लासला गेलीत. घरात कुणीच न्हाई."

"मग?"

"मग माझं मनगट धरून कोण ओढायलंय गं?"

"कुठं ओढतंय, आई?"

"बाहेर. अंगणात."

पेल्यावरचा तांब्या खणकन खाली पडला.