मागून ट्रक येतोय

जावा बेटावरच्या वोनोगिरीच्या चढावर मोटारसायकलच्या उजव्या आरशानं पुन्हा मान टाकली. सुगेंगला त्यात रस्त्याऐवजी स्वतःचाच गुडघा दिसू लागला.

"मागून ट्रक येतोय. डावीकडे घ्या," मागे बसलेली मुर्नी म्हणाली. त्यानं घेतलं. ट्रक घासून निघून गेला.

कंपनीचे चांगले मोठे आरसे काढून त्यानं हे निळ्या काचेचे इवलेसे आरसे बसवले होते. पंचेचाळिशीत पोरासोरांचे शौक! गल्लीत लोक म्हणाले, म्हातारचळ लागला. बाजारातल्या शिवणवालीला तो याच गाडीवर मागे बसवून फिरवतो, हेही लोकांना दिसत होतंच.

आणि आज तो बायकोला माहेरी सोडायला निघाला होता. कायमचं. तिला सांगितलं होतं, तुझ्या आईला भेटून येऊ. सासऱ्यासमोर मान खाली घालून एक वाक्य बोलायचं, तुमची लेक तुमच्या हाती परत देतो, की झालं. रीतच आहे तशी. ते वाक्य तो सकाळपासून मनात घोळवत होता. मऊ, अदबीचं, कुणाला लागणार नाही असं. भित्र्या माणसाला शब्द फार गोड लागतात.

"मागे बस आहे. थांबा, मग वळा."

तो थांबला, मग रस्त्याकडेच्या गॅरेजात वळला. मेकॅनिकनं आरसा हलवून पाहिला आणि हसला. "भाऊ, हे नुसतं दिसायला. याचे आटे तुमच्या गाडीला बसत नाहीत, म्हणून मधे तुकडा जोडलाय. तोच ढिला होतो. आवळून देतो, पण खड्डा आला की पुन्हा तेच." मग मुर्नीकडे बघून म्हणाला, "तुम्हाला काय काळजी म्हणा! मागचं सांगायला वहिनी आहेत की."

"जाताना आहे. येताना हे एकटे असतील," मुर्नी म्हणाली. "पक्का बसवा."

मेकॅनिक मान डोलावून मोठा पाना आणायला आत गेला. सुगेंग तिच्याकडे वळला.

"तुला... कुणी सांगितलं?"

"पंधरा वर्षांत माझ्या आईला कधी साखरेचा पुडा नेला नाहीत. काल साखर, चहा, नवं कापड, सगळं घेऊन आलात. आणखी कुणी सांगायला हवं?"

"अगं, मी बाबांशी नीट बोलणार आहे. अगदी हळू, समजुतीनं..."

"हळू बोलून भागायचं नाही." तिनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. "वर्ष झालं, बाबांना ऐकू येत नाही. तुम्ही फिरकलाच नाहीत, कळणार कसं? अंगणात उभं राहून ओरडावं लागेल, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. आणि एकदाच ओरडा. मला दोनदा ऐकायला लावू नका."