बुडालेलं बंदर

राहीलनं तिसऱ्यांदा बेल दाबली, तेव्हा कुठं दार उघडलं.

"जिनेशचं घर?"

"व्हय." बाईनं ओले हात पदराला पुसले.

"मी राहील. कोरेगावचा. त्याच्याच जहाजावर होतो. आई, दोन वर्षं फोन करतोय तुम्हाला, तुम्ही उचलतच नाही."

बाई दाराची कडी धरून नुसतीच बघत राहिली. मग बाजूला झाली. "ये. विश्रामबागेत ऊन लय लागतंय."

भिंतीवर जिनेशचा हसरा फोटो होता. राहील त्याच्याकडं पाठ करून बसला.

"जहाज जमैकाला थांबलं होतं," तो म्हणाला. "समोर पोर्ट रॉयल. आता कोळ्यांचं एवढंसं गाव आहे. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी चाच्यांचं बंदर होतं ते. लुटीचं सोनं तिथंच उतरायचं. जागोजागी दारूचे गुत्ते. चाचे मूठमूठ नाणी उधळायचे आणि इंग्रज अधिकारी डोळेझाक करायचे. एवढं बदनाम गाव दुसरं नव्हतं म्हणतात. मग एका सकाळी भूकंप झाला. अर्ध्याहून जास्त गाव घटकाभरात समुद्रात गेलं."

"आन् माणसं?"

राहील थबकला. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी सोन्याचंच विचारलं होतं.

"दोनेक हजार गेली."

बाईनं पाण्याचा पेला त्याच्यापुढं सरकवला.

"तिथं बुडी मारायला बंदी आहे. जिनेश नकोच म्हणत होता. मी मागं लागलो. एक नाणं तरी मिळेल, म्हटलं. खाली पडक्या भिंतीत त्याचा पाय अडकला. मी ओढला, खूप ओढला. माझ्या टाकीतली हवा संपत आली होती. आई, मी त्याला सोडून वर आलो."

बाहेर कुणीतरी गाडी चालू केली. बाईनं खिडकी लोटून घेतली.

"आईची आठवण काढायचा का त्यो?"

"रोज."

बाई उठली. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात खरखरीत होता. "आईनं माफ केलं तुला, बाळा. आता चार घास नीट खात जा. लय वाळलायस."

राहील तिच्या पायांशी बसून पोटभर रडला.

जिना उतरताना दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला छातीभर श्वास घेता आला. फाटकापाशी शेजारचे नानासो झाडांना पाणी घालत होते.

"कुणाकडं आलावता?"

"जिनेशच्या आईंकडं. भेटल्या."

नानासोंनी नळ बंद केला. "चंदनबालावैनी? त्यांना जाऊन महिना झाला की. वर शालूबाई असंल, कामवाली. शेवटाला तीच उशाशी होती. वैनींनी जाताना तिलाच बजावलं, त्यो राहील कवा दारात आला तर सांग, आईनं तुला माफ केलं न्हाई."