वापरून बघतो

भार्गवरावांनी ताकभात कालवता कालवता विचारलं, "विनू नाही आला जेवायला?"

"विनू गेला हो. अपघातात," सुमनताई म्हणाल्या, आणि त्याच सुरात, "मीठ हवंय?"

पक्षाघाताचा झटका आल्यापासून भार्गवरावांचा मेंदू चिपवर चालत होता. चिपची कंपनी बुडाली तेव्हा नातीने चिप चालवायला एक फुकट, खुली प्रणाली आणून दिली. इतकी सोपी, की बालवाडीतल्या पोरानेही चालवावी. पण भार्गवराव पडले सदाशिव पेठेतले. "आधी नुसती वापरून बघतो, पटली तर कायमची बसवू." आता वापरून बघण्यात गोम अशी, की डोळा लागला की उठल्यापासूनचं सगळं पुसलं जायचं. आणि पेठेतला माणूस दुपारची झोप सोडतो होय! एकुलता एक मुलगा त्यानंतर गेला, पण बापासाठी रोज सकाळी तो जिवंतच असायचा.

भार्गवरावांचा घास हातातच राहिला. ते बायकोच्या कोरड्या डोळ्यांकडे बघत राहिले.

"अगं, कितव्यांदा सांगतेस हे मला?"

"मोजत नाही मी."

"बसव ती प्रणाली. आत्ताच."

"अहो, मग हे कधीच पुसलं जायचं नाही."

"म्हणूनच बसव."

सुमनताईंनी बटण दाबलं. भार्गवराव बराच वेळ रडले आणि रडता रडताच झोपले.

चारला उठल्यावर त्यांनी विनूचं विचारलं नाही. सुमनताईंचं तयार उत्तर तोंडातच राहिलं.

"चहा मी टाकतो," ते म्हणाले. "तू आता रडून घे."