पहिलं पिस्तूल

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा डेल्बर्ट बंदुकांच्या दुकानात शिरला. "ऑरिन, नेमबाजी शिकावी म्हणतोय. नवशिक्याला झेपेल असं पिस्तूल दे."

"म्हातारपणी बरं सुचलं तुला," म्हणत ऑरिननं दोन पिस्तुलं उघडून, रिकामी असल्याची खात्री करून काचेवर ठेवली. "हे छोटं घे. धक्का कमी, गोळ्या स्वस्त. मूठ बसते का बघ."

"बसेल. कुठलंही दे."

ऑरिन थबकला. पहिलं पिस्तूल घेणारा माणूस मुठी चाचपत तासभर डोकं खातो.

"गोळ्यांचे डबे किती? एका दुपारीच दोन-तीन उडतात."

"एक पुरे."

"आणि कानांवर लावायला? बार झाला की कानठळ्या बसतात."

"राहू दे ते."

जन्मभर सुरांवर जगलेल्या माणसाला कानांची काळजी उरली नव्हती. ऑरिननं दोन्ही पिस्तुलं आत ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

"आज नाही विकणार मी. लोरेटावहिनी जाऊन महिनाही झाला नाही, डेल्बर्ट."

"मी काय घ्यावं, ते तू ठरवणार? दुसरीकडे मिळेल मला."

"मिळेल की. हायवेवरचं मोठं दुकान तुझ्या घरासमोरच आहे. ते ओलांडून इतक्या लांब माझ्याकडे कशाला आलास?"

डेल्बर्ट दाराकडे वळला. मग स्टूल ओढून बसला.

"तू विचारशील म्हणून."