त्याच नावाचा सुतार

शिंप्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झकास झालं. पण ते सोडा, झालंच नाही असं धरून चाला.

बायको रोज सकाळी वीस सुया ओवून द्यायची. त्या संपल्या की दुकान बंद. अकरा महिन्यांनी सरकारी दवाखान्यात ऑपरेशनसाठी त्याचा नंबर लागला, नाव पुकारलं. तो भिंत चाचपत दारापर्यंत पोचेस्तोवर, कान दाखवायला आलेला त्याच नावाचा सुतार आत गेलासुद्धा.

"काका, रजिस्टरात तुमचं ऑपरेशन झालंय," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा नाही मिळत."

"अहो ताई, मला तर तुम्हीसुद्धा दिसत नाही!"

"मग अर्ज करा."

शिंप्याने बायकोकडून अर्ज लिहून घेतला:

'माझ्या नावबंधूच्या डोळ्यात झालेले ऑपरेशन माझ्या डोळ्यात वर्ग करण्यात यावे, ही नम्र विनंती.'