निघतानाचा शब्द

राखेचं वादळ टेकडीपर्यंत आलं होतं आणि ऋजुता आईच्या अंगणाबाहेर थबकली होती. घराभोवती रांगोळीचं कडं निळसर चमकत होतं. गावात प्रत्येक घराला असं कडं होतं, आणि वादळ त्याच्या आत येत नसे. माणसांना मात्र ते आवाजावरून ओळखायचं. उंबऱ्यावर 'येतो' म्हणून निघालेल्याला ते परत आत घेई. 'जातो' म्हणणाऱ्याला भाजून काढी.

भांडून घर सोडताना ऋजुता मुद्दाम 'जाते' म्हणाली होती.

"मी शाळेत आसरा घेते, आई. तुला नुसतं बघायचं होतं."

"बोलत काय बसलीस, आत ये," सुनंदाबाई दारातून म्हणाल्या.

"कडं भाजेल गं मला."

"ये म्हणते ना."

ऋजुताने डोळे मिटून पाऊल टाकलं. तळव्याला फक्त ऊब लागली.

"भाजलं कसं नाही?"

सुनंदाबाई तिच्या केसांतली राख झटकू लागल्या. "फोनवर लोकांना आपल्या दोघींचा आवाज सारखाच वाटायचा, आठवतं? तू गेल्यापासून रोज सकाळी उंबऱ्यावर उभी राहून मीच म्हणते, 'आई, येते गं.'"